पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

इस्क्राने परत दिलेल्या मसुद्यावर पेन्सिलीच्या त्रेचाळीस खुणा होत्या. नेवेनाने त्या दोनदा मोजल्या; आपल्यावर झालेले वार माणूस मोजतोच. त्यातल्या बेचाळीस खुणांपाशी कारण लिहिलेलं होतं. हे वाक्य संपता संपत नाही. इथे मजकुरात एक आकडा आणि तक्त्यात दुसरा. हा 'निःसंशय' कोणाच्या जोरावर? त्रेचाळिसावी खूण मात्र अकराव्या पानावर, दुसऱ्या तक्त्याशेजारी होती, आणि तिथे नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं. पुढे शब्द नाही, बाण नाही, काही नाही.

पिवळा कागद बघावा तर तो स्वच्छ. 'गंभीर चूक' या रकान्यात इस्क्राने निळ्या शाईने ठसठशीत 'नाही' लिहून खाली सही ठोकली होती. म्हणजे नेवेनाचा शोधनिबंध सुटला होता. सुटलेल्या माणसाने घरी जाऊन पाय पसरून झोपावं. नेवेनाला त्या दिवशी धड बसवेना.

पिवळ्या कागदाचं हे प्रस्थ स्तामेना बाईंनी वाढवलेलं. सर्बियातल्या चाचाक शहरातल्या त्या शाळेत बाई शिकवायच्या रसायनशास्त्र, पण त्यांचा खरा जीव होता संशोधन मंडळात. दर वसंतात मंडळातला एकच निबंध बेलग्रेडच्या विद्यार्थी परिषदेला जायचा, आणि त्याआधी प्रत्येक निबंध दुसऱ्या एका मुलाने तपासायचा. तपासणाऱ्याचं नाव झाकलेलं नसे. ज्याला नाव लपवून टीका करायची आहे त्याने शाळेच्या मागच्या भिंतीवर जाऊन लिहावं, असं बाई म्हणत. पेन्सिलीने मसुद्यावर काय वाटेल ते खरडा, ते तुमच्या दोघांतलं. पण गंभीर चूक सापडली तर ती पिवळ्या कागदावर शाईने लिहायची, आणि तो कागद समितीपुढे जायचा. तिथे काही लिहिलं गेलं की निबंध त्या वर्षापुरता अडला. लेखकाने स्वतःची चूक अंतिम प्रत देण्याआधी स्वतःच पकडली, तर मात्र निबंध अडत नसे, उलट ते श्रेय त्याच्या खात्यात जमा. तपासणीलाही एक ते पाच गुण असत, आणि चार किंवा पाच मिळवणारेच उन्हाळी शिबिराला जात. आणखी एक नियम होता: मसुदा परत गेल्यापासून अंतिम प्रत येईपर्यंत दोघांनी निबंधाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही.

अंतिम प्रत सोमवारी द्यायची होती. मसुदा हातात आला तो गुरुवार. आणि नेवेना शेवटच्या वर्षाला होती, म्हणजे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायलाही जागा नव्हती.

निबंधाचं नाव होतं 'सतरा दिवस'. नेवेनाचे पणजोबा रादिसाव यांनी ग्राबोवोच्या डोंगरात आलुबुखाराची बाग लावली आणि एका वहीत दर वर्षी पहिला फुलोरा कधी आला ते लिहायला सुरुवात केली. ते गेल्यावर ती वही त्यांच्या मुलाने, म्हणजे नेवेनाच्या आजोबांनी पुढे चालवली. बापलेकांची मिळून जवळजवळ शंभर वर्षं. नेवेनाने सगळ्या तारखा उतरवल्या, सरासरी काढली आणि तिला दिसलं की पणजोबांच्या काळापेक्षा आता आलुबुखार सतरा दिवस आधी फुलतो. सतरा! हवामान बदललं हे टीव्हीवाले सांगतातच, पण इथे आपल्याच घरातल्या वहीत पुरावा होता. बाईंनी मसुदा न वाचताच नुसता आकडा ऐकून भुवया उंचावल्या होत्या. आजोबांनी तर ग्राबोवोच्या दुकानापाशी बसणाऱ्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि बेलग्रेडला पहिल्या रांगेत बसायचं म्हणून नवा कोट शिवून घेतला होता.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत नेवेनाने बेचाळीस खुणा निस्तरल्या. बाईंनी शिकवलेले सगळे उपाय तिने केले. मोठ्याने वाचलं. शेवटच्या परिच्छेदापासून उलटं वाचलं. मग बाईंचा आवडता उपाय: हा निबंध आपल्या दुश्मनाने लिहिलाय असं समजून वाचा. ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारत इतक्या तावाने वाचत होती की मिरच्या भाजणाऱ्या आईने कोणाशी भांडतेयस म्हणून विचारलं. लांब वाक्यं तुटली, 'निःसंशय' गेला, मजकूर आणि तक्ता यांचं जमलं. नाक मुरडत का होईना, इस्क्राच्या खुणांनी निबंध सुधारला हे तिला कबूल करावं लागलं. राहता राहिलं ते एक प्रश्नचिन्ह.

तिने सरासरी पुन्हा काढली. पणजोबांच्या वर्षांची अठ्ठावीस एप्रिल, आजोबांच्या वर्षांची अकरा एप्रिल. फरक सतरा. तिसऱ्यांदा काढली, तरी सतरा. मग तिला वाटलं तक्त्याच्या रेघा तर वाकड्या नाहीत? रेघा सरळ होत्या. ती अंथरुणावर पडली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा अकरावं पान काढून बसली. प्रश्नचिन्ह तसंच होतं, आणि जरा जास्तच गडद दिसत होतं.

मग डोक्यात दुसराच किडा वळवळला. मागच्या वर्षी पाळी उलटी होती: निबंध इस्क्राचा आणि तपासनीस नेवेना. इस्क्राने मोरावा नदीच्या पाण्यातल्या शेवाळावर मान मोडून काम केलं होतं, आणि नेवेनाला तिच्या वहीत दिसलं की नमुन्याच्या बाटल्या नळाच्या पाण्याने विसळल्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन. शेवाळ मरणारच. नेवेनाने ते पिवळ्या कागदावर शाईने तीन सुबक ओळींत लिहिलं. निबंध अडला. बाईंनी नेवेनाला तपासणीचे पाचपैकी पाच दिले आणि तो कागद नमुना म्हणून फळ्याशेजारी लावला. इस्क्रा महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, हसायलाही लागली. पण तिने ते मनात धरून ठेवलं नसेल कशावरून? चूक नसताना नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकायचं आणि समोरच्याला चार दिवस तळमळत ठेवायचं. सूड उगवायला याहून सोपी रीत कुठली? हा विचार आला तसा नेवेनाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही मिळाला, कारण मग निबंधात काही चुकलेलं नव्हतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिने इस्क्राला शाळेसमोरच्या बेकरीत गाठलं. इस्क्रा एका हातात चीज भरलेला गरम बुरेक आणि दुसऱ्या हातात दह्याचा पेला घेऊन उभी होती, त्यामुळे तिला पळता येईना. तिच्या वडिलांची फळझाडांची रोपवाटिका होती आणि नखात कायम माती असायची; बाई तिला 'आमचा माळी' म्हणत.

"अकरावं पान," नेवेना म्हणाली.

"बोलायचं नाही असा नियम आहे."

"मी निबंधाबद्दल विचारत नाही. प्रश्नचिन्हाबद्दल विचारतेय. त्याचा अर्थ काय?"

"प्रश्नचिन्हाचा अर्थ प्रश्न." इस्क्राने बुरेकचा घास घेतला.

"कसला प्रश्न?"

"तो तुझा तू विचार."

"म्हणजे तुलाच माहीत नाही. उगाच टाकलंस."

इस्क्रा चावत राहिली. नेवेनाला ते चावणं सहन होईना. शेवाळाचा राग अजून गेला नाही वाटतं, असं ती बोलून गेली, आणि बोलल्या बोलल्या तिला कळलं की हे बोलायला नको होतं. इस्क्राचं तोंड थांबलं. तिने दह्याचा पेला बाकावर ठेवला.

"चोवीस तास तक्त्याकडे बघतेयस ना? तक्त्याकडे बघून काही कळायचं नाही तुला. आजोबांकडे कधी जाणार आहेस?"

"का?"

"सहज. म्हाताऱ्या माणसांना भेटावं अधूनमधून," असं म्हणून इस्क्रा निघून गेली. पेला तिथेच राहिला.

शनिवारी सकाळच्या बसने नेवेना ग्राबोवोला गेली. आजोबांना भेटायला जातेय असं तिने आईला सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं. बस डोंगर चढत असताना तिचा एक पाय सारखा हलत होता. शेजारच्या बाईने शेवटी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पोरी, बस हादरतेय तेवढं पुरे आहे म्हणाली.

आजोबा बागेतून आले, हात धुतले, कॉफी ठेवली. नवा कोट दाराच्या मागे कापडात गुंडाळून टांगला होता. तो त्यांनी आधी दाखवला, मग अंगात घालून दाखवला, मग पाठमोरे होऊन दाखवला. त्यानंतरच निबंध टेबलावर आला. त्यांनी तो अजून पाहिला नव्हता. नेवेनाने त्यांना फक्त 'सतरा' सांगितलं होतं, आणि आजोबांनी सतरा म्हणजे सतरा असं मानलं होतं. नात शहरात शिकते, आकडा तिचा.

चष्मा लावून ते एकेक पान उलटत गेले. स्वतःचं नाव आलं तिथे थांबले, बापाचं नाव आलं तिथे जास्त थांबले. अकराव्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे अठ्ठावीस एप्रिल काय आहे?"

"पणजोबांच्या वेळची सरासरी. फुलोऱ्याची."

"कशाच्या फुलोऱ्याची?"

"आलुबुखाराच्या, आजोबा."

"छे. अठ्ठावीसला सफरचंद फुलतं इथे. आलुबुखाराला तोवर बारीक फळ धरतं. मी लहान होतो तेव्हाही तसंच होतं." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. पाऊस वरून खाली पडतो हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

नेवेनाने समजावून सांगायला सुरुवात केली, आणि समजावता समजावता तिचा आवाज आपोआप हळू होत गेला. पणजोबा चर्चमध्ये गायचे, उपवास पाळायचे, सगळं जुन्या कॅलेंडरने करायचे, असं घरात सगळेच म्हणतात ना? जुनं कॅलेंडर म्हणजे चर्चचं, सरकारीपेक्षा तेरा दिवस मागे. म्हणून तिने पणजोबांच्या प्रत्येक तारखेत तेरा मिळवले. वहीतली सरासरी पंधरा एप्रिल, त्यात तेरा, म्हणून अठ्ठावीस. हे असं करायला कोणी तिला शिकवलं नव्हतं. नाताळ सात जानेवारीला करणाऱ्या घरात वाढलेल्या पोरांना तेरा मिळवायचे आणि तेरा वजा करायचे हे चालण्याबोलण्याबरोबरच येतं. इतकं सहज येतं की ते करताना कोणी विचार करत नाही.

"उपवास जुन्याने," आजोबा म्हणाले. "डुक्कर कापायचं तेही जुन्याने. पण वहीतही तेच, हे तुला कोणी सांगितलं? तू कधी विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. आजोबांनी पान उलटलं, आणखी दोन पानं उलटली, आणि चौदाव्या पानावर त्यांचा चेहरा उजळला. तिथे वहीच्या एका पानाचा फोटो होता. वाचायला सोपं आणि अक्षर देखणं म्हणून नेवेनाने तो शोभेला घातला होता. आजोबांनी तो मोठ्याने वाचला, बापाच्याच सुरात: "सहा मे. जुर्जेवदान. कोकरू अकरा किलोचं. दुपारी गारा, अक्रोडाएवढ्या, बारीक फळ झडलं." त्यांना तो दिवस आठवत होता. कोकरू चुलीवर असताना गारा आल्या आणि सगळे टेबल उचलून पळाले.

नेवेना फोटोकडे बघत राहिली. संत जॉर्जचा हा सण सरकारी कॅलेंडरात सहा मेला येतो, हे सर्बियातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच इतके महिने ती ओळ तिच्या डोळ्यांखालून जात होती आणि डोळा अडत नव्हता. सहा मे, जुर्जेवदान. बरोबरच तर आहे. पण पणजोबा ही वही जुन्या कॅलेंडरने लिहीत असते, तर तिथे तेवीस एप्रिल असायला हवं होतं. सहा मे लिहिलंय, म्हणजे वही नव्याच कॅलेंडरची होती, आणि तिने मिळवलेले ते तेरा दिवस कुठूनच आलेले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पुरावा तिने आपल्याच हाताने निबंधाला डकवला होता.

तिने खरी वही मागितली. दोन तास ती पणजोबांचं एकेक पान उलटत नुसते सण शोधत बसली. जुर्जेवदान अडतीस ठिकाणी सापडला, आणि अडतीस ठिकाणी तो सहा मेलाच होता. सतरातून तेरा गेले. उरले चार.

आजोबांना सांगितल्यावर ते आधी रागावले, कारण त्यांना वाटलं ती त्यांच्या बापाला खोटं पाडतेय. बापाने आयुष्यात एक तारीख चुकीची लिहिली नाही, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. त्यांची एकही चुकलेली नाही, माझी चुकली, असं नेवेनाने तीनदा म्हटलं तेव्हा त्यांनी टेबलावरचा हात काढला. मग त्यांनी कोट काढून पुन्हा कापडात गुंडाळला.

"दुकानापाशी सतरा सांगितलंय मी," ते म्हणाले. कोट टांगून म्हणाले, "चार तर चार. पण ते चार नक्की ना?"

"नक्की."

"मग बस. जेव."

परतीच्या बसमध्ये तिने मसुदा पुन्हा काढला. चौदाव्या पानावरच्या फोटोत सहाच्या आकड्याखाली एक बारीक ठिपका होता. गुरुवारी तिने तो मळ समजून नखाने खरवडला होता. आता तिने पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. ठिपका पेन्सिलीचा होता, आणि नेमका सहाच्या खाली होता.

म्हणजे इस्क्राला सगळं माहीत होतं. रोपवाटिकेत वाढलेल्या मुलीला आलुबुखार कधी फुलतो ते कळणारच. तिने अठ्ठावीस एप्रिल वाचलं, तिचा विश्वास बसला नाही, आणि तिने शोधून शोधून फोटोतला जुर्जेवदान गाठला. मग पेन उचलून पिवळ्या कागदावर 'नाही' लिहिलं. तिने शाईने दोन ओळी लिहिल्या असत्या, तर तिला पाच गुण होते आणि नेवेनाचा निबंध अडला होता. सूड तयार होता, तोही नियमाने, बाईंच्या शाबासकीसकट. ते सोडून तिने एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि बेकरीत शिव्या खाल्ल्या. नेवेनाला लाज वाटली. इतकी की ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उरलेले चार किलोमीटर चालत आली.

रविवारभर तिने निबंध नव्याने लिहिला. कापणं सोपं होतं; स्वतःच्याच फुशारकीच्या ओळी परत वाचणं अवघड होतं. 'आश्चर्यकारक' सहा वेळा आला होता. सगळे गेले. नाव बदलून 'चार दिवस' झालं, आणि आपण तेरा का मिळवले आणि ते का चुकलं हे तिने एका पानात लिहिलं. निबंध बारीक झाला, पण खरा झाला. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऋणनिर्देशात इस्क्राचं नाव कसं लिहावं हे तिला ठरवता येईना. तीनदा लिहून तिने तीनदा खोडलं आणि शेवटी जागा मोकळीच ठेवली.

सोमवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत समिती बसली. मधे स्तामेना बाई, दोन्हीकडे एकेक शिक्षक, समोर स्टुलांवर मंडळातली मुलं. बाईंनी मसुद्याची आपल्याकडची जुनी, बिनखुणांची प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवली होती. नेवेनाला त्यांनी एकच विचारलं, सतराचे चार कसे झाले. नेवेनाने जुर्जेवदानाची गोष्ट सांगितली. बाईंनी चष्मा काढला, आणि त्या चक्क हसल्या. त्या वर्षातून दोनदा हसत. आपल्या निबंधाचा कणा आपल्या हाताने मोडून परत बसवायला धमक लागते, असं त्या म्हणाल्या, आणि बेलग्रेडला हाच जाईल असंही म्हणाल्या. शिक्षकांनी माना हलवल्या. तिला जे हवं होतं ते सगळं त्या एका मिनिटात तिच्या हातात पडलं.

मग बाई इस्क्राकडे वळल्या. त्यांनी जुनी प्रत बोटांनी वाजवली.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं बारीकसारीक कुसळही काढलंस. मुसळ तसंच राहू दिलंस. तू, आमचा माळी! तुला अठ्ठावीस एप्रिल खटकलं नाही?"

"नाही, बाई."

"तपासणीचे दोन गुण. शिबिराचं या वर्षी विसर. काही म्हणायचंय?"

"नाही, बाई," इस्क्रा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

आता फक्त गप्प बसायचं होतं. इस्क्राने सगळं असं बेतलं होतं की नेवेनाने काहीच करायचं नाही. आजोबांचा कोट, पहिली रांग, शाळेच्या फलकावर नाव. त्यासाठी तोंड मिटून ठेवणं एवढंच काम होतं. नेवेनाची नजर फळ्याशेजारी गेली. मागच्या वर्षीचा तिचा पिवळा कागद अजून तिथे होता. कडा वळल्या होत्या, पण तीन सुबक ओळी इथूनही वाचता येत होत्या. आपण तेव्हा खोटं काही लिहिलं नव्हतं हे तिला माहीत होतं. पण लिहिताना आपल्याला किती छान वाटलं होतं, तेही तिला आठवत होतं.

"बाई, चूक मी शोधली नाही," ती म्हणाली. "इस्क्राने शोधली. अकराव्या पानावर तिचं प्रश्नचिन्ह आहे."

इस्क्राने झटकन मान वळवली. ते प्रश्नचिन्ह तक्त्याच्या रेघांबद्दल होतं, असं ती घाईघाईने बाईंना सांगू लागली. नेवेनाने दप्तरातून मसुद्याची तपासलेली प्रत काढली, चौदावं पान उघडलं आणि बाईंपुढे तिरपं धरलं. बाईंनी ठिपका पाहिला. मग त्यांनी इस्क्राकडे पाहिलं.

बाईंनी खणातून एक कोरा पिवळा कागद काढला, इस्क्रापुढे ठेवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

"जे दिसलं ते लिही. शाईने."

इस्क्राने लिहिलं. अक्षर नीट आलं. बाईंनी कागद वाचला, सही केली, आणि नियम त्यांनीच केला असल्यामुळे तो त्यांनीच मोडायचा नाही, असं म्हणाल्या. निबंध अडला. इस्क्राला वाचण्याचे पाच, लपवण्याचे वजा दोन, म्हणजे तीन. शिबिराला तेही पुरत नव्हते. समिती उठली. जाताना बाईंनी फळ्याशेजारचा जुना पिवळा कागद काढला, आणि घडी घालून खिशात टाकला.

जिन्यात इस्क्राने नेवेनाला गाठलं. ती खरोखर संतापली होती.

"मूर्ख आहेस तू. मी माझं शिबिर घालवलं तुझ्यासाठी, आणि तू तुझं बेलग्रेड घालवलंस. आता काय उरलं? शून्य."

"मला मागच्या वर्षी पेन्सिलीचं सुचलंच नव्हतं गं," नेवेना म्हणाली. "खरंच सुचलं नव्हतं."

इस्क्रा दोन पायऱ्या खाली गेली आणि थांबली.

"ठाऊक आहे मला. महिनाभर तोच विचार करत होते मी, ही मला आधी का नाही बोलली. मग तुझा मसुदा माझ्याकडे आला आणि पेन हातात घेतलं. पाच मिनिटं मस्त वाटलं. मग नाही वाटलं."

आजोबांना फोनवर सांगायचं काम सगळ्यात कठीण होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती दुसरी पोरगी कोण, कोणाची, असं विचारलं. रोपवाटिकेवाल्याची म्हटल्यावर, तरीच, एवढंच म्हणाले. मग म्हणाले की फुलं आली की तिलाही घेऊन ये. कोट वाया गेला याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, आणि त्यामुळेच नेवेनाला रडू आलं.

एप्रिलच्या नऊ तारखेला त्यांचा फोन आला. दुपारच्या बसने दोघी ग्राबोवोला पोचल्या, तर आजोबा बागेच्या फाटकात नवा कोट घालून उभे. फुलोरा आल्याशिवाय तारीख लिहायची नाही, आणि फुलोरा म्हणजे दहातली एक कळी उमललेली, असा पणजोबांचा दंडक होता. आजोबा म्हणाले आलाय. इस्क्राने त्यांच्या शब्दावर न विसंबता तीन झाडांच्या फांद्या खाली ओढून कळ्या मोजल्या. आजोबा तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

नेवेनाने वही मांडीवर घेतली आणि लिहिलं: नऊ एप्रिल, नवं कॅलेंडर. पहिला फुलोरा.

"नवं कशाला लिहायचं?" आजोबा वाकून बघत म्हणाले. "ते काय सगळ्यांना माहीतच असतं."

"म्हणूनच," नेवेना म्हणाली.

तिने वही इस्क्रापुढे धरली, तपासणाऱ्याच्या सहीसाठी. वहीला सुतळीने बांधलेली पेन्सिल होती. शंभर वर्षं त्या वहीत सगळं पेन्सिलीनेच लिहिलं गेलं होतं. इस्क्राने ती हातात घेतली, बघितली आणि सोडून दिली.

"आजोबा," तिने विचारलं, "पेन आहे का?"